शेवटची केस

"मॅडम, तुम्ही शेवटची केस कधी केलीत?"

नव्या बॅचमधला मुलगा, नुकताच बीएएमएस होऊन आलेला. आगाऊपणा नव्हता त्यात, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. ॲम्ब्युलन्सची गाडी सोडून बरेच दिवस झाले, असं सांगून मी सीपीआर, म्हणजे छाती दाबून श्वास देण्याचा धडा, पुढे चालू केला. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. आज मेथी निवडतानाही तेच.

गाडी सोडली. किती सहज बोलून गेले मी.

महाराष्ट्रात 108 ची ॲम्ब्युलन्स सेवा सुरू झाली 2014 मध्ये. 937 गाड्या, त्यातल्या 233 एएलएस, म्हणजे गंभीर पेशंटसाठी जास्त साधनं असलेल्या, बाकीच्या बीएलएस, म्हणजे प्राथमिक सोयींच्या, आणि गाडीवर डॉक्टर. आमच्यासारख्या आयुर्वेद-होमिओपॅथीवाल्यांना तेव्हा वाटायचं, दवाखाना टाकण्यापुरते पैसे जमेपर्यंत करू. आई अजून विचारते, कधी टाकतेस म्हणून. गाडीवरून पुढे कुठे जाता येतं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मग एकेक जण पांगत गेला. मुंबईत 2017 ला बाइक ॲम्ब्युलन्स आली, तिकडे एक गेला. एकीने जिल्ह्याचं काम घेतलं. मी पुण्याला कॉल सेंटरला, आणि आता ट्रेनिंगला. चांगलं झालं तुझं, म्हणतात सगळे. ठरलेल्या वेळा, पाठीला आराम. खोटं नाही त्यात काही.

मग असं मागे राहिल्यासारखं का वाटतं?

खंबाटकीच्या वळणावर दोन्ही गुडघे स्ट्रेचरच्या कडेला रुतवून अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याची पिशवी, दाबायची. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली. मास्क केसभर सरकला की हवा बाजूने फुस्स करून जाते, छाती उचलतच नाही. पायलट दादांना, म्हणजे गाडीच्या ड्रायव्हरना, सांगावं लागायचं नाही, माझ्या श्वासावरून त्यांना कळायचं कधी वेग कमी करायचा. ते दादा आता... जाऊ दे.

वर्गात मी हेच शिकवते. पण सरावाचा पुतळा, मॅनिकिन, हलत नाही. मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, 30 दाबांना 2 श्वास. पोरं पटापट शिकतात. आणि मला भीती वाटते की माझे हात विसरतायत. पुस्तकातलं कधी विसरणार नाही, पण गाडी उजवीकडे झुकली की अंग कुठे टाकायचं, ते.

कॉल सेंटरची एक रात्र मात्र सारखी आठवतेय. एका सुनेचा फोन, सासरे जेवता जेवता कोसळलेले, श्वास नाही. फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवा, तळहात छातीच्या मधोमध, जोरात दाबा, माझ्याबरोबर मोजा. ती रडत रडत मोजत होती. मध्येच थांबली, तर मी ओरडले, थांबू नका ताई! मागे कुणीतरी कुकर बंद केला. मग कुत्री भुंकली, गलका झाला, "आली, आली गाडी", आणि फोन कट.

ते वाचले का, मला आजही माहीत नाही. गाडीवर असताना निदान कॅज्युअल्टीच्या दारापर्यंत तरी आपलं माणूस आपल्याजवळ असतं.

ही केस धरायची की नाही? पेपरवर माझी सही नाही. पण त्या ओट्याशेजारच्या जमिनीवर मी होते, हे मला कुणी नाकारू शकत नाही. हे त्या मुलाला सांगायला हवं होतं. उद्या सांगेन.

त्याला आमच्यापेक्षा बरे दिवस आहेत असं मनापासून वाटतं. 2021 च्या केंद्राच्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात पॅरामेडिकचं, म्हणजे गाडीवरच्या कामाचं, नाव तरी आलंय. त्यातून पदं येतील, बढत्या येतील. या पोरांना गाडीवरून खाली उतरणं म्हणजे काम सुटणं वाटू नये. मला वाटलं, अजून वाटतं, आणि बहुतेक थोडं वाटतच राहील. राहू दे. ते वाटणं गेलं तर मी चांगली शिकवणार नाही.

दुपारी कोऑर्डिनेटर सरांना विचारलं, आषाढी वारीसाठी दिवेघाटात लागणाऱ्या गाडीवर माझं नाव टाकाल का. वारीत ऊन लागून पडलेले, पायाला फोड आलेले, छातीत दुखणारे, सगळेच येतात. हातांना काम मिळेल. सर बघू म्हणाले. हे म्हणाले, पाठीचं काय? पट्टा बांधीन म्हटलं. सरांनी आठवडाभरात काही कळवलं नाही तर पुन्हा विचारणार आहे.