देवाचिये की देवाचिया

दिवेघाटात आमच्या दिंडीचा हरिपाठ चालू होता आणि मी नुसते ओठ हलवत होते. पुढे माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावल्या होत्या, आजूबाजूला टाळांचा एकच गजर. माझ्या तोंडून मात्र शब्द निघेना.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचं शिक्षण आणलं, मुलींनासुद्धा, म्हणून माझी पणजी वाचायला शिकली. आंघोळ झाली की ती ज्ञानेश्वरीच्या ओव्या मोठ्यानं वाचायची, असं आजी सांगायची. आमच्या घरात देव आला तो असा, पुस्तकातून. पुढे १९१० मध्ये महाराजांनी बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावला आणि राज्यात वाचनालयं उभी राहिली. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या मजल्यांना काचेची फरशी आहे. वर कोणी चाललं की खाली पावलांच्या सावल्या दिसतात. लहानपणी मी पुस्तक सोडून त्याच बघत बसायचे.

त्याच ग्रंथालयात या वर्षी वारीच्या तीन महिने आधी मी भारद्यांच्या वादाबद्दल वाचलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या टोपणनावानं मांडलं होतं, की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर वेगळे आणि अभंगांचे वेगळे. ज्ञानेश्वरीवर नाथपंथाची, शिवभक्तीची छाप. अभंगांत पानोपानी विठ्ठल. शिवाय अभंगांची भाषा ज्ञानेश्वरीपेक्षा बरीच अलीकडची. पुढे अनेक अभ्यासकांनी हे मत खोडून काढलं, तेही मी वाचलं. पण मन एकदा डहुळलं की लवकर निवळत नाही. हा हरिपाठ कोणाचा? आणि ज्या पादुकांमागे मी आळंदीपासून चालतेय, त्या कोणाच्या?

सासवडला दोन मुक्काम असतात. दुसऱ्या दिवशी तंबूत पाय शेकत बसले होते. शेजारी परभणीकडच्या एक मावशी, वय सत्तरीच्या पुढचं. माझ्या हातात हरिपाठाची छोटी पोथी होती. ‘देवाचिये द्वारीं’ मी वाचलं आणि मावशी थांबवत म्हणाल्या, “देवाचिया म्हन गं बाई.”

“मावशी, इथं देवाचिये छापलंय.”

“छापू दे की. आमच्या सासूनं देवाचिया शिकवलं, तिला तिच्या सासूनं. मला कुठं वाचता येतं?”

आणि डोळे मिटून त्यांनी सगळा हरिपाठ म्हटला, सत्ताविसावा अभंग संपेपर्यंत. मी पोथीत बोट ठेवून पाहत होते. चार-पाच ठिकाणी शब्द वेगळे निघाले. अडखळल्या एकदाही नाहीत.

अभंगांची भाषा नवी का, याचं उत्तर अभ्यासकांनी दिलेलंच आहे: ते तोंडातोंडी चालत आले, म्हणून बोलण्याबरोबर बदलत गेले. ग्रंथालयात ते मला पळवाटेसारखं वाटलं होतं. इथं ते घडताना ऐकू आलं.

रात्री वीणेकरी बुवांना घाबरत विचारलं, की असं काही वाचलं तर वारीत चालतं का? बुवा जरा वेळ वीणेच्या तारेवर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “नाथमहाराजांनी काय केलं मग?” एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती तपासून पाठ शुद्ध केला आणि बजावून ठेवलं, की यात कोणी स्वतःची ओवी घातली तर अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवल्यासारखं होईल. हे मला पाठ होतं, पण मी ते फक्त भक्तीची गोष्ट म्हणून वाचलं होतं. अमुक ओवी मूळची का, असं नाथांनी प्रतीप्रतीला विचारलंच असणार, आणि त्यांच्याइतका माउलींवर जीव कोणाचा होता?

ज्ञानेश्वर एक की दोन, हे मला अजून सांगता येत नाही. वाचन मी सोडणार नाही. पुढच्या महिन्यात भारद्यांना दिलेली उत्तरं पुन्हा काढून बसणार आहे. पण सासवडहून निघालो त्या पहाटे मी मावशींच्या मागच्या ओळीत लागले आणि मोठ्यानं, त्यांच्यासारखं, “देवाचिया” म्हटलं.

बडोद्याला परतल्यावर पोथीच्या समासात पेन्सिलीनं तेवढं लिहून ठेवलंय: देवाचिया, परभणीच्या मावशी.