माहुलीचा घाट आणि रामशास्त्र्यांचं प्रायश्चित्त

साताऱ्याला कामासाठी तीन-चारदा गेलोय पण माहुली दर वेळी राहूनच जायची. या खेपेला काम अकरालाच उरकलं, म्हटलं आता घरी जाऊन तरी काय दिवे लावणार, स्टँडवरनं रिक्षा केली नि निघालो. जेमतेम पाच किलोमीटर. इथे कृष्णेला वेण्णा मिळते, एका काठाला संगम माहुली, समोर क्षेत्र माहुली. मे महिना, पाणी पार खाली गेलेलं, घाटाच्या खालच्या पायऱ्या शेवाळ वाळून हिरव्या-काळ्या पडलेल्या. विश्वेश्वराचं देऊळ मात्र बघत राहावं असं, काळ्या दगडाचं, वर विटांचं शिखर, श्रीपतराव प्रतिनिधींनी साधारण 1735 च्या सुमाराला बांधलेलं. नंदीच्या पाठीवर कुणीतरी ओला पंचा वाळत घातलेला. बिचारा नंदी.

घाटावर एक काका बसलेले. "कुठनं आला?"
"पुण्याहून."
"अस्थी आणल्यात का?"
मी दचकलोच. मग लक्षात आलं, इथे बाहेरचा माणूस बहुतेक त्यासाठीच येतो. म्हटलं, नाही काका, पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे, त्यांचं गाव बघायला आलोय.
"मग ह्येच की. पण बघण्यासारखं काय न्हाई तसं."

खरंय, काही नाही. साताऱ्याच्या शाहू महाराजांची समाधी आहे, त्यांच्या खंड्या कुत्र्याचीसुद्धा आहे. मी आपला पायरीवर सावली बघून बसलो आणि शास्त्रीबुवांचाच विचार करत राहिलो.

शाळेत आपल्याला एवढंच शिकवलं की ते निःस्पृह होते. पण मला त्यांची जपाची गोष्ट जास्त आवडते, ती साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, असलेल्या ग्रँट डफनं लिहून ठेवलीय. शास्त्री कामासाठी थोरल्या माधवरावांकडे गेले तर पेशवे जपाला बसलेले. शास्त्री गुपचूप परत आणि दुसऱ्या दिवशी काशीला जायची रजा मागायला हजर. माधवराव म्हणाले अहो मी जप करत होतो त्यात चुकलं काय, तर शास्त्र्यांचं म्हणणं असं की ब्राह्मण म्हणूनच जगायचं असेल तर चला माझ्याबरोबर गंगेकाठी, आणि गादीवर बसायचं असेल तर रयतेचं काम हीच तुमची पूजा. माधवरावांनी ऐकलं, जप सोडला. म्हणजे काशीत शिकलेला शास्त्री राज्यकर्त्याला सांगतोय की देवापुढनं ऊठ आणि कचेरीत बस!

याज्ञवल्क्य स्मृतीत व्यवहारप्रकरणाच्या, म्हणजे खटल्यांच्या भागाच्या, सुरुवातीलाच आहे, राजानं विद्वानांना सोबत घेऊन, धर्मशास्त्राप्रमाणे, राग-लोभ सोडून खटले बघावेत. ऐकायला छान. पण खटला राजावरच असला तर?

तो प्रसंग आलाच. 30 ऑगस्ट 1773, शनिवारवाड्यात गारद्यांनी, म्हणजे पहाऱ्यावरच्या भाडोत्री शिपायांनी, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला मारलं आणि पेशवा झाला त्याचाच काका, रघुनाथराव म्हणजे राघोबादादा. शास्त्र्यांनी चौकशी केली, धागा राघोबादादापर्यंत पोचला. आणि त्यांनी सांगितलं देहान्त प्रायश्चित्त. शब्द बघा, शिक्षा नाही म्हणाले, प्रायश्चित्त म्हणाले. शिक्षा द्यायला वर कुणीतरी लागतं, हुकूम बजावणारे शिपाई लागतात, इथे शिपाई सगळे राघोबाचे. प्रायश्चित्त ज्याचं त्यानं घ्यायचं असतं. त्यामुळे सगळ्यात मोठ्या माणसालाही ते सांगता येतं, आणि तो सरळ नाही म्हणूही शकतो. राघोबानं तेच केलं. शास्त्री पद सोडून वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले, ते राघोबाची सत्ता गेल्यावर पुण्याच्या न्यायासनावर परत आले.

हे सगळं सोन्याचं होतं असं मला म्हणायचं नाहीये बरं का. त्याच धर्मशास्त्रात जातीप्रमाणे शिक्षा बदलत होत्या आणि तो न्याय आज आपल्याला नकोच आहे. आपल्या सुप्रीम कोर्टाच्या चिन्हावर 'यतो धर्मस्ततो जयः' लिहिलंय पण खाली न्यायाधीश हातात धरतात ती राज्यघटना, आणि ते बरंच आहे.

पण पुढचं ऐका. गादी जाते म्हटल्यावर हाच राघोबा मुंबईकर इंग्रजांकडे गेला आणि 1775 च्या सुरतेच्या तहात साष्टी-वसई देऊ करून बसला. त्याचा मुलगा दुसरा बाजीराव, त्यानं 31 डिसेंबर 1802 ला वसईचा तह करून इंग्रजांची फौजच पदरी घेतली. शास्त्र्यांचा निकाल ज्यानं मानला नाही त्याच्याच घरानं स्वराज्य परक्याच्या हवाली केलं, हा मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही. स्वतःच्या माणसाचा निकाल नको, मग कलकत्त्याच्या इंग्रजांचा हुकूम चालतो.

आणि 1817 मध्ये हा बाजीराव माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला भेटला कुठे, तर इथेच. माहुलीत! पुढच्या वर्षी पेशवाई संपली. मी घरी हे वाचलं होतं, पण पायरीवर बसून आठवलं तेव्हा उगाच इकडेतिकडे बघितलं, कुठे तंबू ठोकला असेल म्हणून. समोर नुसती वाळू आणि दोन म्हशी.

तेवढ्यात एक गाडी थांबली, चार-पाच माणसं उतरली, पुढच्याच्या हातात लाल फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं. काका उठले, मला म्हणाले, "सरका थोडं." मी सरकलो.