वर्षभर केलं आणि वजन वाढलं?

जास्त वजनाच्या मुलांसाठी आमचा जो प्रोग्रॅम चालतो, त्यात वर्षाच्या शेवटी मोजमाप असतं आणि त्या दिवशी मुलांपेक्षा आयांनाच जास्त टेन्शन असतं. मागच्या बॅचला एक अकरा वर्षांची मुलगी आली, काट्यावर ४८ किलो. सुरुवातीला ४६ होती. आईचा चेहराच पडला, "मॅडम, वर्षभर घरात गोड आणलं नाही, रोज हिच्याबरोबर चालायला जाते, आणि दोन किलो वाढलं?" पोरगी खाली मान घालून काट्यावरच उभी.

म्हटलं ताई थांबा, उंची घेऊ दे आधी. १४० सेंमीची १४६ झालेली! म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते) २३.५ वरून २२.५ वर, आणि या वयात तो खरं तर वाढतच जातो म्हणून तर आम्ही नुसता बीएमआय न धरता वय आणि मुलगा की मुलगी बघून झेड स्कोअर काढतो, म्हणजे त्या वयाच्या मुलांच्या मधल्या आकड्यापासून हे मूल किती वर किंवा खाली आहे ते. डब्ल्यूएचओच्या तक्त्यात मोठ्या मुलांसाठी +१ च्या वर जास्त वजन, +२ च्या वर लठ्ठपणा. ही आधी +२ च्या वर होती, आता खाली आलेली. कंबर ७५ ची ७२, म्हणजे उंचीच्या निम्म्याहून कमी, हे पण चांगलंच. किलोत बघितलं तर नापास आणि प्रत्यक्षात बॅचमधल्या चांगल्या रिझल्टपैकी एक. प्रोग्रॅम अख्ख्या कुटुंबाचा असल्याने आईचं पण वजन-कंबर घेतो (बाबा लोक इथे हमखास पळ काढतात), तर तिचंही बऱ्यापैकी उतरलेलं, ते तिने बघितलंसुद्धा नाही.

दुपारी आकडे भरले तर बॅचची सरासरी मस्त दिसत होती, सर खूश. पण बरीच मुलं आलीच नव्हती. मी फोन करत बसले, तर एक बाबा सरळ म्हणाले, "अहो त्याचं वजन वाढलंय, कशाला आणायचं, तुम्ही बोलणार आणि तो रडणार." घरच्या काट्यावर बघून ठरवलेलं त्यांनी. उंची कोणी मोजलीच नव्हती. असे अजून दोघे-तिघे निघाले. म्हणजे ज्यांना बरं वाटतंय तेच येणार आणि आपण त्यांचीच सरासरी काढून प्रोग्रॅम किती भारी ते सांगणार. न आलेल्यांना हिशोबातून वगळलं की कुठलाही प्रोग्रॅम चांगलाच दिसतो हो.

तेव्हापासून काट्याचा आकडा मुलासमोर मोठ्याने वाचत नाही, उंची आधी घेतो, आणि आईबाबांना मुलाचा आलेख दाखवूनच बोलतो. त्या बाबांना पण समजावून बोलावलं, आले ते, मुलाचा झेड स्कोअर खरंच थोडा वाढलेला होता, पण निदान नोंद तरी झाली. रिपोर्टात सरासरीच्या शेजारीच न आलेल्यांचा आकडा टाकायचा असं मी लावून धरलं, सरांना फारसं पटलेलं नाही अजून.