रात्री अकराच्या आत: सॉल्झबरीत गाणं कुठे ऐकायचं

इंग्लंडमधल्या सॉल्झबरीत राहायला आलो तेव्हा पहिलं वर्षभर मी लाइव्ह म्युझिक ऐकायला जवळच्या मोठ्या शहरात, साउदॅम्प्टनला जायचो. ट्रेनने अर्धा तास जायचं, दोन तास ऐकायचं, आणि त्यातला शेवटचा अर्धा तास डोळा घड्याळावर, कारण शेवटची गाडी चुकली तर रात्र स्टेशनवर. एवढ्याशा शहरात, तेराव्या शतकातलं कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं मोठं चर्च, आणि ते बघायला येणारे पर्यटक सोडले तर काय असणार, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

मला आत नेलं ते नोव्हेंबरच्या पावसाने. संध्याकाळचे साडेपाच व्हायला आले होते, छत्री नव्हती, कॅथीड्रलचं दार उघडं होतं. दारावरच्या गृहस्थांनी विचारलं, ‘‘इव्हनसाँगला आलात का?’’ मी हो म्हणालो. इव्हनसाँग म्हणजे सायंप्रार्थना. तिला तिकीट नसतं. त्यांनी मला थेट गायकवृंदाच्या लाकडी आसनांच्या रांगेत नेऊन बसवलं. गाणाऱ्या मुली माझ्यापासून चार हातांवर. इंग्लंडमधल्या कॅथीड्रलांपैकी मुलींचा स्वतंत्र वृंद सगळ्यात आधी इथेच सुरू झाला, 1991 मध्ये, हे मला पुढे कळलं. समोरची मुलगी नऊ-दहा वर्षांची असेल. ओळ सुरू व्हायच्या आधी तिने श्वास घेतला तो मला ऐकू आला, पण खांदे तसूभरही हलले नाहीत. बोट पुस्तकावर, नजर मात्र वर. शेवटचा सूर सगळ्यांनी एकदम सोडला आणि तो सुटलाच नाही, वर कमानींत राहिला. मी मनात मोजत होतो, पाचापर्यंत पोचलो. तानपुरा थांबल्यावर खोलीत जे काही उरतं, ते इथे एवढ्या मोठ्या दगडी पोकळीत उरलं होतं. माझ्या अंगावर काटा आला.

प्रार्थना संपली की ऑर्गन वाजतो. इथला पाइप ऑर्गन हेन्री विलिस यांनी बनवलेला, 1877 सालचा. बहुतेक लोक तो सुरू होताच कोट चढवून निघतात, पण आठदहा जण शेवटपर्यंत बसून राहतात. शहरात गाणं कुठे चालतं हे कोणाला विचारावं, तर ह्यांना. माझ्या शेजारच्या आजींनी प्रार्थनेच्या कागदामागे पेन्सिलीने दोन जागा लिहून दिल्या आणि मागच्या रांगेतल्या एका खर्जातल्या गायकाकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, ‘‘गुरुवारी हे पबमध्ये कॉन्सर्टिना वाजवतात.’’ कॉन्सर्टिना म्हणजे दोन हातांत धरून वाजवायची छोटी भात्याची पेटी. इथे प्रौढ गायकांना ले व्हिकर म्हणतात. पगारी, रोज गाणारी माणसं. छोट्या कॅथीड्रल शहराची खरी श्रीमंती हीच. तयार गळ्याची आणि तयार कानाची माणसं इथे मुळातच राहतात, आणि रोजचं काम आटोपलं तरी त्यांचं गाणं संपत नाही.

कागदावरची पहिली जागा सॉल्झबरी आर्ट्स सेंटर, बेडविन स्ट्रीटवरचं. हे मूळचं सेंट एडमंड्स चर्च. 1970च्या दशकात त्याचं कलाकेंद्र झालं. मी तिथे एका फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) आणि गिटारच्या जोडीला ऐकलं. दगडी भिंती, उंच छप्पर, समोर ऐकायलाच आलेली माणसं. गज तारेवर टेकतो तो क्षणही कळत होता. पुढच्या तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा, एवढंच सांगेन.

पबांच्या बाबतीत मात्र मी बराच फसलो. एका पबमध्ये एक तरुण मुलगी सुंदर गात होती आणि तिच्या डोक्यावर टीव्हीवर फुटबॉल चालू होता, आवाजासकट. दोन गाण्यांनंतर तिने डोळे मिटून घेतले. मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं. तेव्हापासून मी आधी एक फेरी मारून येतो. टीव्ही बंद करतात का, वादकांसमोर टेबलं आहेत की नुसती वाट, आणि गाणं चालू असताना बारमागची माणसं हळू बोलतात का, हे बघतो. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जिथे बारवाला कुजबुजतो, तिथे गिऱ्हाईकही कुजबुजतं.

छोट्या पबमध्ये गाणं टिकून आहे त्यामागे कायद्याचाही हात आहे. लाइव्ह म्युझिक अॅक्ट 1 ऑक्टोबर 2012 पासून लागू झाला. दारूचा परवाना असलेल्या छोट्या जागेत सकाळी आठ ते रात्री अकरा गाणंबजावणं करायला तेव्हापासून वेगळी परवानगी लागत नाही. आधी ही सूट 200 श्रोत्यांपर्यंत होती, 2015 मध्ये 500 झाली. माइक आणि अँप्लिफायर नसेल तर श्रोत्यांची मर्यादाच नाही. म्हणून कोपऱ्यातल्या एका टेबलाभोवतीही मैफल बसू शकते.

गुरुवारचं सेशन, म्हणजे लोकसंगीत वाजवणाऱ्यांची पबमधली बैठक, असंच बसतं. कागदावरची दुसरी जागा ती हीच. पबचं नाव लिहीत नाही, जागा बारा खुर्च्यांची आहे. व्यासपीठ नाही, तिकीट नाही. फिडल, बासरी, बँजो, आणि कॉन्सर्टिना मांडीवर घेतलेले आमचे खर्जवाले. कोणीतरी चाल उचलतं, बाकीचे त्यात शिरतात, तीन चाली एकापाठोपाठ एक जोडून वाजवतात, नाव कोणी सांगत नाही. जिग आणि रील या नाचाच्या चाली. जिग सुरू झाली की माझी बोटं मांडीवर आपोआप दादरा धरतात. रीलला केहरवा. पहिल्या दिवशी मी रिकामी दिसली म्हणून टेबलाजवळची खुर्ची ओढली, तर एका बाईंनी हळूच सांगितलं की ती बासरीवाल्यांची आहे, ते येतीलच. भिंतीलगत बसा, काहीतरी प्यायला घ्या, मोबाइल खिशात ठेवा. तिसऱ्या आठवड्यात त्यांनीच मला नाव विचारलं.

पुढच्या खबरा मला तिथेच मिळत गेल्या. दर जुलैमध्ये सॉल्झबरी, विंचेस्टर आणि चिचेस्टर या तीन कॅथीड्रलांचे वृंद आळीपाळीने एकेका शहरात एकत्र गातात, हेही बँजोवाल्याने सांगितलं.

माझी एकच अडचण आहे. मी शहराच्या दक्षिण टोकाला, हार्नमला राहतो, आणि घरचा जवळचा रस्ता कॅथीड्रलच्या आवारातून, म्हणजे क्लोजमधून जातो. क्लोजचे दरवाजे रात्री अकराला बंद होतात. परवाच्या गुरुवारी पावणेअकराला मी कोट घातला होता. तेवढ्यात फिडलवाल्या आजोबांनी एक संथ चाल काढली. बाकी सगळ्यांनी वाद्यं खाली ठेवली. मी कोट घातलेलाच, उभ्याने ऐकत राहिलो. हाय स्ट्रीटच्या दरवाज्याशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते, दार लागलेलं. मग एक्सेटर स्ट्रीटने, क्लोजच्या उंच भिंतीच्या कडेकडेने लांबचा वळसा. पुलापर्यंत चाल गुणगुणत आलो, पण दुसरी ओळ निसटली. आता ती पुन्हा ऐकायला गुरुवारची वाट बघतोय.