गुलाबी आहे ना, झालं मग!

वागळे इस्टेटमधल्या फ्लेक्स छपाईच्या दुकानात मशीनवर जाण्याआधी फाइल तपासणं हे माझं काम. लोकांना वाटतं, पेनड्राइव्ह लावला की बॅनर बाहेर. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो ताणला तर फाटतो, हे पटवण्यातच माझा निम्मा दिवस जातो.

ठाणे खाडीकाठच्या एका टॉवरचं होर्डिंग आलं होतं, ४० बाय २० फुटी, ठाणे-बेलापूर रोडला लागणारं. अर्ध्या जागेत फ्लेमिंगोंचा, म्हणजे रोहित पक्ष्यांचा थवा, वर ‘तुमच्या बाल्कनीतून’. १६०० पिक्सेलचा फोटो ४० फुटांवर ताणला तर इंचाला जेमतेम तीन ठिपके येतात. लांबून बघायच्या होर्डिंगलाही २५-३० तरी हवेत. ही फाइल दणदणीत मोठी होती, पण पिसं मेणासारखी गुळगुळीत. म्हणजे एआयने फुगवलेली. खालचा डावा कोपरा मोठा करून बघितला. चिखलावर एकच बुडबुडा तीन ठिकाणी, हुबेहूब तसाच, आणि एका पक्ष्याचा पाय पाण्यात पोचण्याआधीच विरलेला. तिथे कुणाचं तरी नाव होतं, ते पुसलंय. पुसणाराही आळशी! फोटोतला एक तुकडा उचलून दुसरीकडे उमटवणारं क्लोन टूल वापरताना दर दोन फटक्यांनी नमुना नवीन उचलायचा असतो, हे आमच्याकडे शिकाऊ पोरालाही येतं.

गूगल लेन्सवर टाकताच मूळ फोटो सापडला. ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटीतून काढलेला, कोपऱ्यात सही. बिल्डरच्या मार्केटिंगवाल्या मुलाला फोन लावला.

“सर, गूगलवरचाच आहे. आणि त्याने रजिस्टर कुठे केलाय?”

गूगल शोधून दाखवतं, मालकी देत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो काढणारा हाच कर्ता. नोंदणीची अट नाही, आणि हक्क फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-बी आलं. जाणूनबुजून नाव काढून टाकणं हाच वेगळा गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद. विकायला नक्कल छापणाराही कलम ५१ मध्ये सापडतो. आमच्या मालकांनी एवढं शेवटचंच नीट ऐकलं आणि काम थांबवलं.

फोटोवाल्यांना मेसेज केला. निवृत्त गृहस्थ, भरतीच्या वेळा बघून पहाटे बोट गाठणारे. वाटलं, भडकतील. फोन आला, “पैसे नकोत हो. आपल्या खाडीचा फोटो आहे, लागू दे. कोपऱ्यात नाव तेवढं ठेवा. आणि मूळ फाइल पाठवतो, काय दशा केलीय पक्ष्यांची!”

ती फाइल उघडली आणि बरं वाटलं. छोट्या रोहितच्या चोचीचा तो काळपट किरमिजी रंग आमच्या मशीनवर बसवायला मी बराच वेळ घालवला. मॅजेंटा शाई जरा वाढली की चोच जांभळी दिसते. नाव टाकलं दोन इंची अक्षरांत. चालत्या गाडीतून ते कुणाला वाचताही आलं नसतं.

तरी बिल्डरने नाकारलं. “शेठ म्हणाले, आमच्या बोर्डावर दुसऱ्याचं नाव नको.” मग स्टॉक साइटवरून पैसे मोजून दुसरा फोटो आला. पावती, परवाना, सगळं चोख. फक्त पक्षी नारिंगी-लाल, अमेरिकन फ्लेमिंगो, कॅरिबियनकडचा. आपल्याकडे येतात ते छोटे आणि मोठे रोहित. ज्या खाडीला त्यांच्यामुळे २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, जी २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, तिचा देखावा विकायला पक्षी सातासमुद्रापलीकडचा! मी मार्केटिंगवाल्या मुलाला सांगितलं.

“गुलाबी आहे ना सर? झालं मग.”

छापलं, कडा दुमडून दोरीसाठी आयलेट (धातूच्या कड्या) मारले, होर्डिंग चढलं. फोटोवाल्या काकांचा फोन आला, बोर्ड नक्की कुठे लागलाय, बायकोला दाखवायचाय. सांगावंच लागलं. नाव नाकारलं याचं त्यांना तेवढं काही वाटलं नसावं. “म्हणजे पैसे देऊन घेतला?” हे मात्र त्यांनी दोनदा विचारलं.

फाइल पुन्हा लावल्याचे पैसे मी बिलात धरलेत. मार्केटिंगवाला म्हणतो, फोटो बदलायला तुम्हीच लावलंत, तेव्हा तो खर्च तुमचा.