लांबचा पक्षी, जवळचा चेहरा

माझ्या वहिनींना नवा कॅमेरा घ्यायचा आहे. मोबाइलवर त्यांनी बरीच वर्षे हौसेने फोटो काढले, पण पुतणीचे रंगमंचावरचे नृत्य आणि पाणवठ्यावर येणारे पक्षी या दोन्ही गोष्टी मोबाइलच्या आवाक्याबाहेरच्या ठरल्या, तेव्हा त्यांनी मला सरळच विचारले, "भाऊजी, आता नक्की एक काय ते सांगा. लेन्स बदलता येणारा छोटा मिररलेस घेऊ, की एकाच लेन्समध्ये सगळे बसवलेला तो मोठ्या झूमचा ब्रिज कॅमेरा घेऊ?" दोन्ही प्रकारचे कॅमेरे मी काही वर्षे वापरले आहेत, तरीही मला चटकन उत्तर देता आले नाही. पुढचे पंधरा दिवस मी जुने फोटो उघडून पाहिले, आकडेमोड केली आणि माझा स्वतःचा एक जुना समज मला बदलावा लागला.

मिररलेस म्हणजे एसएलआर कॅमेऱ्यातला, दृश्य डोळ्यापर्यंत पोचवणारा आरसा काढून टाकलेला, पण लेन्स बदलण्याची सोय राखलेला कॅमेरा. पॅनासॉनिकचा जी१ हा २००८ साली आलेला कॅमेरा या वाटेवरचा पहिला महत्त्वाचा टप्पा होता, आणि त्यानंतर काही वर्षांतच बॅगेच्या कोपऱ्यात मावतील अशा बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचे कॅमेरे, मिळू लागल्या. सोनीच्या २०१४ सालच्या ए६००० चे वजन बॅटरी आणि कार्डासह ३४४ ग्रॅम भरते. ब्रिज कॅमेरा दिसतो एसएलआरसारखा, पण त्याची लेन्स कायमची जोडलेली असते आणि सगळा भर झूमवर असतो. निकॉनच्या २०१५ सालच्या कूलपिक्स पी९०० मध्ये २४ ते २००० मि.मी. इतका, तर २०१८ सालच्या पी१००० मध्ये २४ ते ३००० मि.मी. इतका पल्ला आहे; हा आकडा जितका मोठा तितके दूरचे जवळ दिसते. वहिनींचे मन या आकड्यांनीच ओढून घेतले होते, आणि त्यात नवल नाही.

मात्र हा २००० चा आकडा ३५ मि.मी. फिल्मच्या तुलनेत सांगितलेला असतो. पी९०० च्या लेन्सची खरी फोकल लेंथ, म्हणजे लेन्स दूरचे किती मोठे पाडते हे ठरवणारे तिचे माप, जास्तीत जास्त ३५७ मि.मी. आहे. उरलेली सगळी वाढ सेन्सरच्या, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपच्या, लहानपणातून येते, कारण लहान सेन्सर दृश्याचा लहानसाच तुकडा उचलतो. या कॅमेऱ्यांतला सेन्सर साधारण ६.२ गुणिले ४.६ मि.मी. एवढा, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान असतो. त्याचे क्षेत्रफळ २८ चौरस मि.मी.च्या आसपास भरते. मायक्रो फोर थर्ड्स जातीच्या मिररलेसमध्ये तेच क्षेत्रफळ २२५ चौरस मि.मी., म्हणजे सुमारे आठपट आहे, आणि एपीएस-सी या त्याहूनही मोठ्या सेन्सरमध्ये ते सुमारे तेरापट आहे.

या फरकाचा परिणाम काय होतो ते मी एकाच पक्ष्याच्या दोन फोटोंवरून पाहिले. पाण्यावर झुकलेल्या एका वाळक्या फांदीवर एक खंड्या नेहमी येऊन बसत असे, आणि माझ्या ब्रिज कॅमेऱ्याने मी त्याचे कित्येक फोटो काढले आहेत. पहिला फोटो भर उन्हातला आहे. त्यात चोचीत धरलेल्या माशाचे खवले वेगवेगळे दिसतात, फांदीची सुटलेली साल दिसते, पाठीच्या निळ्या पिसांमध्ये उजळ आणि गडद असे दोन थर दिसतात. दुसरा फोटो त्याच फांदीवरचा, त्याच अंतरावरून काढलेला, पण सूर्य मावळल्यानंतरचा आहे. लहान पडद्यावर तो बरा वाटतो, मोठा केला की छातीचा तपकिरी रंग पाण्याने फुगलेल्या जलरंगासारखा पसरलेला दिसतो, डोळ्याभोवतीची पिसे एकमेकांत मिसळून गुळगुळीत झालेली असतात आणि चोचीची कड पार्श्वभूमीत विरघळते. उजेड कमी पडला म्हणून कॅमेऱ्याने आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवला, त्यामुळे फोटोत दाणे आले, आणि ते दाणे पुसताना त्यांच्याबरोबर पिसेही पुसली गेली. काही ब्रिज कॅमेऱ्यांत रॉ फाइलची, म्हणजे प्रक्रिया न केलेला मूळ फोटो साठवण्याची, सोयच नसते. पी९०० मध्येही ती नव्हती. अशा वेळी ती पिसे नंतर संगणकावर परत मिळवण्याची वाटही बंद होते.

या दोन फोटोंवरून मी फार दिवस एकच निष्कर्ष धरून बसलो होतो, की सेन्सर मोठा तो कॅमेरा चांगला, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला मी तसेच सांगत आलो. तो निष्कर्ष अर्धाच खरा आहे, हे मला वहिनींसाठी हिशेब मांडताना कळले.

लेन्सच्या समोरून आत पाहिले की एक उजळ गोल छिद्र दिसते. त्याचा व्यास काढणे सोपे आहे: खरी फोकल लेंथ घ्यायची आणि तिला लेन्सच्या एफ-आकड्याने भागायचे (फोकल लेंथ तीच असताना हा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे). दूरच्या पक्ष्याच्या अंगावरून निघालेल्या प्रकाशापैकी किती प्रकाश कॅमेऱ्यात शिरणार हे या छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरते, मग मागे सेन्सर मोठा असो की लहान. पी९०० चा झूम पूर्ण ताणला की ३५७ भागिले ६.५, म्हणजे ५५ मि.मी. एवढा व्यास येतो. मायक्रो फोर थर्ड्ससाठीची १०० ते ३०० मि.मी. लेन्स पूर्ण ताणली तर ३०० भागिले ५.६, म्हणजे जवळजवळ ५४ मि.मी. होतात. सोनीचा २०१७ सालचा आरएक्स१० मार्क ४ हा मोठ्या, एक इंची म्हटल्या जाणाऱ्या सेन्सरचा ब्रिज कॅमेरा आहे. त्याची खरी फोकल लेंथ २२० मि.मी. आणि एफ-आकडा ४, म्हणजे पुन्हा ५५ मि.मी. तीन वेगवेगळ्या घडणीचे कॅमेरे आणि तिघांचे भिंग दूरच्या पक्ष्याकडे सारख्याच रुंदीच्या खिडकीतून पाहते, हे कागदावर उतरले तेव्हा मी आकडे पुन्हा एकदा तपासून पाहिले.

वजनाचा हिशेबही तिथेच येऊन ठेपतो. पी९०० सुमारे ९०० ग्रॅम, आरएक्स१० मार्क ४ सुमारे १,१०० ग्रॅम, आणि ती १०० ते ३०० मि.मी. लेन्स ५२० ग्रॅमची असल्यामुळे चारशे ग्रॅमच्या आसपासच्या बॉडीवर चढवली की तीही याच वजनात जाते. लांबचे चांगले दिसायला हवे असेल तर काच रुंद लागते, आणि रुंद काच जड असते. ज्या छोट्या मिररलेसवर आपला जीव जडतो, त्याच्यासोबत बहुतेक वेळा ४० ते १५० मि.मी.ची जेमतेम १९० ग्रॅमची हलकी लेन्स घेतली जाते. तिच्या छिद्राचा व्यास २७ मि.मी. भरतो, आणि त्यामुळे दूरच्या पक्ष्याकडून तिला ब्रिज कॅमेऱ्याच्या चौथा हिस्साच प्रकाश मिळतो. मोठा सेन्सर इथे कामी येत नाही, कारण पक्षी त्या सेन्सरच्या मधोमध एका ठिपक्याएवढाच पडतो आणि बाकीचे सगळे क्षेत्रफळ आकाश नि झाडोरा टिपण्यात जाते.

तेव्हा मावळतीचा तो खंड्या माझ्याजवळच्या हलक्या मिररलेसने काढला असता तर अधिक चांगला आला असता, हा माझा समज चुकीचा होता. तो आणखी वाईट आला असता.

जवळच्या माणसाचा फोटो घेताना मात्र हेच गणित उलटे फिरते. तिथे चेहऱ्याने चौकट भरलेली असते, झूम ताणावा लागत नाही, आणि लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ इतकी कमी असते की छिद्र फार बारीक होते. मायक्रो फोर थर्ड्ससाठी ४५ मि.मी. एफ १.८ ही अवघ्या ११६ ग्रॅमची लेन्स मिळते आणि तिचे छिद्र २५ मि.मी.चे आहे. तीच चौकट लहान सेन्सरच्या ब्रिज कॅमेऱ्यावर घ्यायची तर खरी फोकल लेंथ १६ मि.मी. असते, आणि एफ २.८ मिळाला असे उदारपणे धरले तरी छिद्र ६ मि.मी.च्याही आतच राहते. प्रकाशातला फरक सुमारे एकोणीसपट होतो. दिव्याच्या उजेडातला चेहरा, खिडकीपाशी बसून वाचणारे मूल, घरातला वाढदिवस अशा ठिकाणी छोटा मिररलेस आणि एक उजळ लेन्स यांच्यापुढे ब्रिज कॅमेऱ्याचा टिकाव लागत नाही, आणि पार्श्वभूमी हळुवारपणे धूसर होणे हेही त्या २५ मि.मी.मुळेच जमते.

ब्रिज कॅमेऱ्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. वरची ३०० मि.मी.ची लेन्स फिल्मच्या हिशेबात ६०० मि.मी.ची होते, आणि तिच्या फोटोतून २००० मि.मी.एवढी चौकट कापून काढली तर दोन कोटी पिक्सेलांपैकी अठरा लाखच उरतात, तर पी९०० ला त्या चौकटीवर एक कोटी साठ लाख पिक्सेल मिळतात. त्यांतले सगळेच पिक्सेल नवी माहिती आणतात असे मात्र नाही. विवर्तनामुळे, म्हणजे छिद्रातून जाताना प्रकाश थोडा पसरतो त्यामुळे, एफ ६.५ ला प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर साधारण ८.७ मायक्रॉनचा ठिपका होऊन पडतो, आणि तिथला एक पिक्सेल १.३ मायक्रॉनचा असतो, म्हणजे प्रत्येक बिंदू सहा-सात पिक्सेल रुंद पसरतो. दोन्ही फोटोंतला खरा फरक आकड्यांच्या मानाने बराच कमी निघतो. तरीही नेमका क्षण पकडायला पक्षी डोळ्यासमोर मोठा दिसणे फार उपयोगी पडते. चंद्राच्या बाबतीत तर हे विशेष जाणवते: ३५७ मि.मी. लेन्स चंद्राची सुमारे ३.२ मि.मी.ची प्रतिमा पाडते, ४.६ मि.मी. उंचीच्या सेन्सरवर ती दोन तृतीयांशांहून जास्त उंची व्यापते, आणि चंद्र उजळ असल्यामुळे आयएसओ वाढवावा लागत नाही. ब्रिज कॅमेऱ्यातून पहिल्यांदा पाहिलेली ती विवरांची कड मी विसरलेलो नाही. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून फार दूरचे टिपायचे असेल तर मात्र मधली हवाच लहरते, आणि तिथे कोणतीच लेन्स फारसे काही करू शकत नाही.

बाकीच्या गोष्टी निवडीच्या दृष्टीने दुय्यम आहेत. लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ बसते आणि ती साफ करावी लागते. ब्रिज कॅमेऱ्याचा झूम बहुधा मोटारीवर चालत असल्यामुळे तो ताणेपर्यंत पक्षी उडून जाऊ शकतो. मिररलेसचा ऑटोफोकस पळत्या मुलामागे अधिक चांगला धावतो.

वहिनींचे नृत्याचे प्रकरण मात्र अवघड होते, कारण रंगमंच लांबही असतो आणि तिथला उजेड कमीही असतो. हालचाल गोठवायची तर सेकंदाच्या २५०व्या भागाइतका शटर लागतो, आणि आमच्या ब्रिज कॅमेऱ्याने मागच्या वर्षी काढलेल्या फोटोंत पुतणीचे हात दाण्यांमध्ये हरवले होते. आरएक्स१० मार्क ४ मध्ये सेन्सर मोठा, एफ-आकडा २.४ ते ४ आणि पल्ला २४ ते ६०० मि.मी. असल्याने पक्षी आणि नृत्य या दोन्हींवरचा तो सर्वांत समतोल उपाय आहे असे माझे प्रामाणिक मत होते, आणि मी तसे सांगितलेही. वहिनींनी एक किलोचे पुडके गळ्यात अडकवून घरातल्या घरात तासभर काम केले आणि नंतर म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे गणित बरोबर आहे, पण हा कॅमेरा मी कपाटातून काढणार नाही."

मग मी त्यांना त्यांच्याच मोबाइलमधले वर्षभरातले फोटो उघडायला सांगितले आणि आम्ही शेजारी बसून ते पाहिले. निम्म्याहून कितीतरी जास्त फोटो माणसांचे होते, आणि त्यांतलेही बहुतेक संध्याकाळनंतर घरात काढलेले होते. पक्षी अगदी थोडे होते. नृत्याचे चांगले फोटो तालमीतले होते, कारण तालमीच्या वेळी त्यांना रंगमंचाच्या अगदी कडेला बसता येते.

आता त्यांनी मायक्रो फोर थर्ड्सचा छोटा मिररलेस, सोबतची १४ ते ४२ मि.मी.ची लेन्स आणि ती ४५ मि.मी. एफ १.८ असे घ्यायचे ठरवले आहे. लांब पल्ल्याची लेन्स त्या आत्ताच घेणार नाहीत. पाणवठ्यावर जाताना माझा जुना ब्रिज कॅमेरा त्यांच्याकडे असेल, आणि ऊन नीट वर आल्याशिवाय फांदीवरच्या खंड्याकडे तो रोखायचा नाही, एवढे मी त्यांना सांगून ठेवले आहे.