पडण्याची भीती आणि बंद दार

म्हातारपणी एकदा पडलेलं माणूस बऱ्याचदा घराबाहेर जाणंच टाळतं. चालणं घटतं, पायांतली ताकद जाते, तोल आणखी बिघडतो आणि भेटीगाठीही आटतात. ‘जपून राहा, कुठे जाऊ नका’ हा प्रेमळ सल्ला इथे घात करतो.

तोल सांभाळण्याचा व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस हवा. तो ४-५ जणांनी मिळून केला तर गप्पाही होतात. भिंतीला टेकवलेल्या, हात असलेल्या खुर्चीतून ५ ते १० वेळा उठ-बस. मग जड टेबल धरून एका पायावर १० सेकंद. सुरुवातीला शेजारी कुणीतरी उभं हवंच. चक्कर आली तर थांबायचं आणि डॉक्टरांना औषधांची यादी दाखवायची.

भेटीगाठी टिकवायच्या तर हेही पाहा: भेटीच्या जागी स्वच्छतागृह जवळ आहे का? काहीजण तेवढ्यासाठीच येत नाहीत, आणि तसं सांगतही नाहीत. कानही तपासून घ्या. ऐकू येत नसेल तर घोळक्यातही माणूस एकटाच.